नकाशातून पुसलेला रस्ता: रूट ६६ पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पहिल्या वेळी मी सरळ फोनमध्ये 'शिकागो ते सँटा मोनिका' टाकलं. फोनने तत्परतेने आयोवा, नेब्रास्का, कोलोरॅडो करत जाणारा तीसेक तासांचा रस्ता काढून दिला. त्यात रूट ६६, म्हणजे शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारा जुना महामार्ग, जवळजवळ नव्हताच. फोनची चूक नाही. सरकारदरबारी हा रस्ता जून १९८५ मध्ये संपला, तेव्हा त्याचा क्रमांकच रद्द झाला. तेव्हा रूट ६६ करायचा म्हणजे आधी तो शोधायचा. नुकतेच अमेरिकेत आलेले असाल, किंवा सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना घेऊन कुठे जावं या विचारात असाल, तर खालचं वाचून मग गाडी बुक करा.

आधी एक सांगतो. हा रस्ता गाडीच्या काचेतून दिसत नाही. काचेतून दिसतं ते माळरान, विजेचे खांब आणि बंद पडलेले पंप. रस्ता दिसतो तो उतरल्यावर, काउंटरपलीकडच्या माणसाशी दोन शब्द बोलल्यावर. त्यामुळे दिवसाला दोनशे मैलांपेक्षा जास्त पल्ला ठेवू नका.

पायरी पहिली: हा रस्ता काय होता ते समजून घ्या

११ नोव्हेंबर १९२६ रोजी अमेरिकेने आपल्या राष्ट्रीय महामार्गांना क्रमांक दिले, त्यातला हा एक. शिकागो ते लॉस एंजेलिस, आठ राज्यं, २,४४८ मैल, म्हणजे सुमारे ३,९४० किलोमीटर. बाकीचे बरेच महामार्ग नाकासमोर पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण जातात, हा मात्र देशाला तिरका छेदतो. त्यामागे तल्सा गावचे सायरस एव्हरी. ओक्लाहोमाच्या महामार्ग खात्याचा कारभार त्यांच्याकडे होता, आणि रस्ता आपल्या गावावरून जावा हा त्यांचा हट्ट. त्यांना खरं तर ६० हा आकडा हवा होता. केंटकी राज्य त्यावर अडून बसलं. शेवटी ३० एप्रिल १९२६ रोजी मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बसलेल्या मंडळींनी यादी चाळली, ६६ मोकळा दिसला, आणि वॉशिंग्टनला तार केली. आज टी-शर्टांवर छापला जाणारा आकडा असा तडजोडीतून आला.

सुरुवातीला यातला बराच भाग मातीचा होता. अख्खा रस्ता पक्का व्हायला १९३८ साल उजाडलं. मधल्या काळात ओक्लाहोमा-टेक्ससच्या पट्ट्यात दुष्काळ आणि धुळीची वादळं आली, शेतं उडून गेली, आणि लाखो माणसं चारचाकीवर गाद्या बांधून याच रस्त्याने कॅलिफोर्नियाला निघाली. युद्धानंतर सुट्टीवर निघालेली कुटुंबं आली. मग १९५६ चा कायदा झाला, आंतरराज्य महामार्ग बांधायला घेतले, आणि पाच नव्या रस्त्यांनी मिळून ६६ ला गिळलं. ५५, ४४, ४०, १५ आणि १० हे ते पाच क्रमांक. एकेक गाव बाजूला पडत गेलं. शेवटचं गाव ॲरिझोनातलं विल्यम्स, १३ ऑक्टोबर १९८४. एक्स्प्रेसवे झाल्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या टपऱ्या आणि खानावळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यापुढचं वेगळं समजावून सांगायला नको.

पायरी दुसरी: सगळा करायचा की तुकडा, ते ठरवा

सगळा करायचा तर किमान पंधरा दिवस हाताशी हवेत. दहा दिवसांत करून आलेले लोक मला भेटलेत. त्यांना पेट्रोल पंप छान आठवतात. नवख्यांनी तुकडा निवडावा हे माझं मत. शिकागो परिसरात राहणाऱ्यांनी शिकागो ते सेंट लुइस असे तीनशे मैल तीन दिवसांत करावेत: रस्ता सोपा, गावं जवळजवळ, पाट्या भरपूर. पश्चिमेकडच्यांनी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला उतरून ॲरिझोनातल्या किंगमनपर्यंत जावं. वाळवंट, आदिवासी वस्त्या, ग्रँड कॅन्यनचा फाटा, सगळं त्यात येतं. इतिहासात रस असेल तर तल्सा ते ओक्लाहोमा सिटी हा छोटा तुकडा बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे, त्याबद्दल पुढे.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. वसंतात ओक्लाहोमात टॉर्नेडोचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळांचे, इशारे येतात, तेव्हा फोनवरचे इशारे बंद करून ठेवू नका. जुलैत मोहावी वाळवंटात पारा पंचेचाळिशी पार करतो. उलट फ्लॅगस्टाफ सुमारे सात हजार फुटांवर आहे, तिथे हिवाळ्यात चांगला बर्फ पडतो. एकाच प्रवासात स्वेटर आणि टोपी दोन्ही लागतील. २०२६ मधल्या तारखा पाहत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: ११ नोव्हेंबर २०२६ ला रस्त्याची शंभरी भरते, त्या वर्षात नामांकित मोटेलं लवकर भरणार.

पायरी तिसरी: गाडी, परवाना, पेट्रोल

आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच आरटीओकडून काढून आणा आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत आणि तुम्ही आठ राज्यांतून जाणार. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची तर वेगळं शुल्क पडतं, कधीकधी भाड्याइतकंच. ते आधी विचारा. पंचविशीच्या आतल्या चालकाला जादा आकार असतो. करारात कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही असं बहुधा लिहिलेलं असतं, ते वाचा, कारण टेक्ससच्या हद्दीवरच्या ग्लेनरिओपासून न्यू मेक्सिकोतल्या सॅन होनपर्यंतचा जुना तुकडा अजून खडीचाच आहे.

ओक्लाहोमात जुन्या रस्त्याशेजारून टोलचा रस्ता धावतो आणि तिथे पैसे घ्यायला माणूस नसतो, कॅमेरा असतो. चुकून चढलात तर टोल थोडका आणि गाडीवाल्या कंपनीचा वरचा आकार भलामोठा असं बिल महिन्याने येतं. मला आलं. एका एक्झिटची चूक होती.

पंपावरची गंमत सगळ्यांनाच एकदा भोगावी लागते. कार्ड घातलं की यंत्र पाच आकडी झिप कोड मागतं. भारतातल्या कार्डाला तो नसतो, व्यवहार फसतो. घाबरायचं नाही. पंपाचा नंबर पाहायचा, आत जायचं, "चार नंबर, चाळीस डॉलर" असं सांगून पैसे आधी भरायचे. कमी पेट्रोल लागलं तर उरलेले पैसे परत मिळतात. आणि हिरव्या मुठीचा नळ इथे बहुधा डिझेलचा असतो, हात घालण्याआधी वाचा.

वाहतुकीचे तीन नियम पाठ करा. लाल 'स्टॉप' पाटीवर, रस्ता कितीही मोकळा असला तरी, चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून थांबली की मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. आणि मागे पोलिसांचे दिवे लागले तर गाडी उजवीकडे घ्या, आतच बसा, हात स्टीअरिंगवर दिसतील असे ठेवा. आपल्याकडे उतरून साहेबांशी बोलायची पद्धत आहे. इथे उतरणं महागात पडतं. ही छोटी गावं वेगमर्यादा पंचावन्नवरून एकदम तीसवर आणतात आणि पाटीमागेच गाडी उभी असते.

पायरी चौथी: रस्ता सापडवा

रूट ६६ एक नाही, अनेक आहेत. साठ वर्षांत तो दर दोन-चार वर्षांनी सरळ होत, रुंद होत, गावाबाहेर सरकत गेला. त्यामुळे एकाच गावात '१९२६ ते १९३०' आणि '१९३० ते १९५५' असे दोन जुने मार्ग निघतात आणि दोन्ही खरे. तपकिरी रंगाच्या 'हिस्टॉरिक रूट ६६' पाट्यांमागे जात राहा. फोनमध्ये शेवटचं ठिकाण टाकू नका, फक्त पुढचं गाव टाका आणि महामार्ग टाळायचा पर्याय चालू ठेवा. नकाशे आधी उतरवून घ्या, पश्चिमेला तासतासभर सिग्नल नसतो. डावी-उजवी वळणं ओळीने लिहिलेल्या पुस्तिका वाटेतल्या संग्रहालयांत मिळतात. शेजारी बसणाऱ्याकडे ती द्या आणि त्याने झोपायचं नाही असा करार करा.

काही दिवसांनी रस्ता नुसत्या खुणांनी ओळखू येतो. बाजूने रेल्वेचे रूळ, त्यांच्या कडेने वाकलेले तारांचे खांब, आणि जुनं काँक्रीट असेल तर टायरखाली ठराविक अंतराने येणारं टप, टप, टप. ते काँक्रीटच्या लाद्यांमधल्या सांध्यांचं. आमचा मुलगा त्या तालावर पाढे म्हणायचा. टप थांबलं की आम्हाला कळायचं, आपण नव्या डांबरावर आलो, कुठेतरी वळण चुकलं.

पायरी पाचवी: शिकागोत सुरुवात, तीही पायी

सुरुवातीची पाटी ॲडम्स स्ट्रीटवर आहे, मिशिगन ॲव्हेन्यूपासून दोन पावलांवर. गाडी दूर लावा आणि चालत जा. पाटीखाली उभं राहून रस्त्यापलीकडे पाहिलंत की दोन सिंहांची इमारत दिसते, ती आर्ट इन्स्टिट्यूट. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. मिशिगन ॲव्हेन्यूच्या त्या तुकड्याला स्वामींचं मानद नावही दिलेलं आहे. आईबाबा बरोबर असतील तर हा फोटो पाटीच्या फोटोआधी काढावा लागतो, अनुभवाचे बोल आहेत. पुढे जॅक्सन बुलेव्हार्डवर लू मिचेल्स हे १९२३ पासूनचं न्याहारीचं ठिकाण. रांगेत उभे असताना हातावर छोटे डोनट ठेवतात.

इलिनॉयमध्ये पाँटियाक चुकवू नका. जुन्या अग्निशमन केंद्रात रूट ६६ चं संग्रहालय आहे. बॉब वॉल्डमायर हा चित्रकार आयुष्यभर ज्या व्हॅनमधून या रस्त्यावर फिरला आणि ज्या शाळेच्या बसमध्ये राहिला, त्या दोन्ही तिथे ठेवल्या आहेत. ऑबर्नजवळ १९३१ साली घातलेल्या लाल विटांचा सुमारे दीड मैलाचा रस्ता आहे. शेतांच्या मधून, चढउतारांसकट, आणि गाडी न्यायला मोकळा. सेंट लुइसच्या अलीकडे मिसिसिपीवरचा १९२९ चा चेन ऑफ रॉक्स पूल. तो नदीच्या मध्यावर चक्क वळतो. आता त्यावर फक्त चालणारे आणि सायकलवाले. वळणाच्या कोपऱ्यात उभं राहिलं की खाली नदीच्या पात्रात किल्ल्याच्या बुरुजासारखे दोन मनोरे दिसतात, शहराचं पाणी उचलायला बांधलेले. गाडीत मौल्यवान काही ठेवू नका.

मिझुरी चटकन उरकलं तरी चालेल. सेंट लुइसमध्ये टेड ड्रूज या दुकानाचं 'काँक्रीट' नावाचं आइस्क्रीम खा. ते इतकं घट्ट असतं की देताना पेला उलटा करून दाखवतात. कॅन्ससमध्ये तर रस्ता अवघा तेरा मैल आहे, पण तेवढ्यात १९२३ चा पांढरा कमानी पूल आहे, एका वेळी एकच गाडी जाईल असा.

ओक्लाहोमा: इथे थांबा

मायामी आणि ॲफ्टन या गावांच्या मध्ये १९२२ चा एक रस्ता शिल्लक आहे, रुंदी नऊ फूट. पैसे कमी होते तर लांबी कमी करायची की रुंदी? त्यांनी रुंदी निम्मी केली. समोरून गाडी आली की दोघांनीही एक चाक मातीत घालायचं. कटूसा गावाजवळ तळ्यात ऐंशी फुटी निळा व्हेल मासा आहे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू डेव्हिस यांनी बायकोला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बांधलेला. बाई व्हेलच्या छोट्या मूर्ती जमवायच्या, म्हणून. मुलं त्याच्या तोंडातून आत शिरतात आणि शेपटीवर निघतात.

यानंतर तल्सा, आणि इथे सूर बदलतो. ग्रीनवुड ही काळ्या लोकांची भरभराटीची वस्ती ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने जाळून टाकली. तिथे आज स्मृतिकेंद्र आहे, अर्धा दिवस राखून ठेवा. रूट ६६ ची सारी गाणी मोकळ्या रस्त्याची आहेत. काळ्या प्रवाशाला मात्र वाटेतल्या जवळजवळ निम्म्या काउंट्यांत सूर्य मावळल्यावर थांबायची सोय नव्हती. कुठे झोपता येईल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल घालतील याची एक पुस्तिका न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काढायला सुरुवात केली. ती पुढे तीसेक वर्षं चालली. ल्यूथर गावाजवळ थ्रेट कुटुंबाचा पेट्रोल पंप होता, काळ्या मालकांचा, सगळ्यांना थारा देणारा. तांबूस दगडांची ती छोटी इमारत अजून उभी आहे. बाहेरून पाहा. शेजारच्या आर्केडिया गावातल्या चकचकीत गोल कोठारावर फोटो काढणारी गर्दी असते, इथे नसते.

ओक्लाहोमात आणखी एक गोष्ट जाणवेल. चर्चच्या आवारात शनिवारी पॅनकेकची न्याहारी असते, शाळेचा फुटबॉल सामना असतो, अग्निशमन दलाचा निधी जमवायचा असतो. पाट्या लागलेल्या असतात. जा. तीन-पाच डॉलर टाका, टेबलाच्या कडेला बसा. "कुठून आलात?" हा प्रश्न पहिल्या मिनिटात येतो आणि त्यात खवचटपणा नसतो. राजकारण आणि धर्म सोडून हवामान, शेती, मुलं यांवर बोला.

टेक्सस: गणित जुळत नाही

शॅमरॉक गावात १९३६ चा मनोऱ्यासारखा पंप आहे, संध्याकाळी हिरवे-लाल दिवे लागतात तेव्हा पोहोचा. ॲमरिलोबाहेर शेतात दहा कॅडिलॅक गाड्या नाक खुपसून उभ्या आहेत, १९७४ पासून. कुणीही रंग फवारावा अशी मुभा आहे, पण रिकामे डबे शेतात टाकून जाऊ नका आणि आईच्या साडीपासून वाऱ्याची दिशा लक्षात घ्या. त्याच गावात तासाभरात बहात्तर औंसाचं स्टेक संपवलं तर फुकट असा प्रकार आहे. आम्ही शाकाहारी, आम्ही दुसऱ्यांचा पराभव पाहिला.

ॲड्रियन हे रस्त्याचं मध्यावरचं गाव. पाटीवर लिहिलंय: शिकागो १,१३९ मैल, लॉस एंजेलिस १,१३९ मैल. बेरीज करा, २,२७८ होते. २,४४८ कुठे गेले? माझा एक अकाउंटंट मित्र या हिशोबाने दोन दिवस अस्वस्थ होता. रस्ताच दर काही वर्षांनी बदलत होता, तर जो तो आपापल्या रस्त्याची लांबी मोजणार. समोरच्या कॅफेत 'पाय' (गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) खा आणि सोडून द्या.

न्यू मेक्सिको: सूड, मिरची आणि पटेल

टुकमकारीचं ब्लू स्वॅलो मोटेल १९३९ चं. प्रत्येक खोलीशेजारी गाडीचं छोटं गॅरेज, आणि वर निळी नियॉन पाकोळी. काळोख पडला की अंगणात खुर्च्या मांडतात आणि अनोळखी माणसं आपसूक गप्पा मारू लागतात.

यानंतर नकाशावर पाहिलंत तर १९३७ आधीचा रस्ता वर सँटा फेला वळसा घालून परत खाली अल्बुकर्कीला येतो. तो सरळ का झाला, याची गोष्ट आपल्याकडच्या तालुक्याच्या राजकारणात शोभेल. राज्यपाल ए. टी. हॅनेट १९२६ ची निवडणूक हरले. सँटा फेच्या पुढाऱ्यांनी आपल्याला पाडलं असा त्यांना राग. मुदत संपायला महिना उरला होता. त्यांनी खात्यातली यंत्रं आणि माणसं गोळा केली आणि सँटा रोझापासून मोरिआर्टीकडे सरळ रेषेत रस्ता काढायला सांगितलं, सँटा फेला वगळून. थंडी, हिमवर्षाव, नाताळची सुट्टी, काही न पाहता काम झालं. नवा राज्यपाल आला आणि काम थांबवायचा हुकूम निघाला, तोवर रस्ता जवळपास तयार. अधिकृत रूट ६६ त्या दिशेने वळला १९३७ साली. त्यामुळे अल्बुकर्कीत फोर्थ स्ट्रीट आणि सेंट्रल ॲव्हेन्यूच्या चौकात रूट ६६ स्वतःलाच ओलांडतो. त्या चौकात उभे राहा, एवढंच. पाहण्यासारखं दुसरं काही नाही.

जेवायला बसलात की विचारतील, "लाल की हिरवी?" हा प्रश्न इथल्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे. मिरचीची चटणी कुठली, असा अर्थ. ठरत नसेल तर "ख्रिसमस" म्हणा, दोन्ही येतात. जिभेला बऱ्याच दिवसांनी काहीतरी लागतं. शाकाहारी मंडळींनी दोन प्रश्न विचारायचेच: उसळीत डुकराची चरबी आहे का, आणि हिरव्या मिरचीच्या रश्श्यात मांस आहे का. बाकी राज्यांत चीज सँडविच, पॅनकेक, बटाटे आणि गोड 'पाय' यांवर निभतं. चटणीचा डबा, मेतकूट आणि पोहे बरोबर ठेवा. खोलीत इलेक्ट्रिक किटली चालते. फोडणी मात्र करू नका. मोहरी तडतडायच्या आधी धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारची सगळी मंडळी अंतर्वस्त्रांत पार्किंगमध्ये येतात.

मोटेलच्या काउंटरमागे बहुधा आपलाच माणूस असेल. पुष्कळ मोटेलं गुजराती कुटुंबांकडे आहेत, त्यातही पटेलांकडे. १९६५ नंतर अमेरिकेची दारं उघडली, सत्तरच्या दशकात महामार्ग बाजूने गेल्याने ही मोटेलं कवडीमोलाने निघाली, आणि काउंटरमागच्या दोन खोल्यांत राहून घरच्यांनीच चादरी धुवायच्या या हिशोबावर त्यांनी ती चालवली. काही स्पर्धकांनी दारावर 'अमेरिकन मालकीचे' अशा पाट्या लावल्या होत्या, विमा कंपन्या दाद देत नव्हत्या. त्यातून १९८९ साली आशियाई हॉटेलमालकांची संघटना उभी राहिली. एका मोटेलात घंटी वाजवली तर मागून हिंगाचा वास आणि मग बाई आल्या. "मुंबई? अमारा मामा घाटकोपरमां." खोली दहा डॉलरने स्वस्त झाली नाही, पण सकाळी थर्मास भरून चहा मिळाला, आलं घालून. खोली घेण्याआधी आत जाऊन पाहा, गादी उचलून पाहा, हे कुठल्याही मोटेलला लागू.

अकोमा आणि लगुना या आदिवासी वस्त्या याच वाटेवर आहेत. अकोमाचं पठारावरचं गाव शेकडो वर्षांपासून वसलेलं आहे. वर फक्त त्यांच्या वाटाड्याबरोबर जाता येतं, फोटोला परवानगी लागते, आणि काही दिवस गाव बाहेरच्यांना बंद असतं. आधी चौकशी करा. माणसांचे फोटो न विचारता काढू नका.

ॲरिझोना: न्हाव्याने वाचवलेला रस्ता

घड्याळ सांभाळा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्यातली नवाहो वस्ती करते.

पेट्रिफाइड फॉरेस्ट हे रूट ६६ चा तुकडा असलेलं एकमेव राष्ट्रीय उद्यान. रस्ता गेला, तारांचे खांब राहिले, आणि तिथे १९३२ ची गंजलेली स्टूडबेकर गाडी ठेवली आहे. दगड झालेल्या लाकडाचा कपटाही खिशात घालू नका, तो गुन्हा आहे. हॉलब्रुकला काँक्रीटच्या शंकूंमध्ये झोपायचं मोटेल आहे, १९५० चं, पंधरा खोल्यांचं. मजेदार आहे, पण असे तंबू मैदानी प्रदेशातल्या जमातींचे. इथल्या नवाहो आणि होपी लोकांची घरं कधीच अशी नव्हती.

सेलिगमन. २२ सप्टेंबर १९७८ रोजी नवा महामार्ग सुरू झाला आणि गावातली रहदारी त्याच दिवशी थांबली. एंजल डेलगाडियो गावचे न्हावी, जन्म १९२७ चा, याच रस्त्याकाठचा. दुकानात बसून गाव रिकामं होताना त्यांनी पाहिलं. नऊ वर्षांनी, १९८७ च्या फेब्रुवारीत, त्यांनी आसपासच्या लोकांना जमवून संघटना काढली आणि राज्य सरकारमागे लकडा लावला: जुन्या रस्त्याला 'ऐतिहासिक' म्हणा, पाट्या लावा. सरकारने मानलं. हे पाहून बाकीच्या राज्यांतही अशाच संघटना झाल्या. आज तुम्ही ज्या तपकिरी पाट्यांमागे जाता, त्यांची सुरुवात एका दाढीच्या खुर्चीपासून आहे. ती खुर्ची दुकानात अजून आहे, भोवती जगभरच्या लोकांनी चिकटवलेली व्हिजिटिंग कार्डं.

त्यांचे भाऊ हुआन यांनी १९५३ साली स्नो कॅप हे खाण्याचं दुकान बांधलं. दाराला दोन मुठी आहेत, एक खोटी. आम्ही गेलो तेव्हा वडिलांनी खोटी धरली आणि पुष्कळ ओढली. आतून कोणी हसलं नाही, सगळे वाट पाहत होते. मग मोहरीची बाटली त्यांच्यावर रोखून दाबली गेली आणि तिच्यातून पिवळी दोरी उडाली. वडील चार महिने अमेरिकेत होते. परत गेल्यावर पहिली सांगितली ती ही दोरी.

सेलिगमनपासून कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंतचा सुमारे दीडशे मैलांचा रस्ता हा सलग उरलेला सर्वांत लांब तुकडा. पीच स्प्रिंग्ज हे वाळापाई जमातीचं मुख्य गाव. किंगमननंतर सिटग्रीव्ह्ज खिंडीतून ओटमनकडे उतरणारा घाट अरुंद, वळणावळणाचा आणि कठडे नसलेला आहे. घाटाची सवय असलेल्याला जमेल, पण गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा आणि चाळीस फुटांपेक्षा लांब वाहन नेऊ नका, बंदी आहे. ओटमनमध्ये गाढवं रस्त्यावर मोकळी हिंडतात. सोन्याच्या खाणीतल्या कामाच्या गाढवांची ही वंशावळ. त्यांना काही भरवू नका आणि खिडकी उघडी ठेवू नका, डोकं आत येतं.

कॅलिफोर्निया: पाणी भरा, पूल विचारा

राज्यात शिरताना शेतीखात्याची तपासणी चौकी लागते आणि फळं आहेत का विचारतात. खरं सांगा. आमची संत्री तिथेच राहिली.

मोहावीत शिरण्याआधी माणशी चार लिटर पाणी आणि पूर्ण टाकी. या रस्त्यावर १९३० च्या सुमाराचे शंभरावर लाकडी पूल आहेत आणि पुरात वाहून गेल्याने काही तुकडे बंद असतात. सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या रस्ते विभागाची यादी त्याच सकाळी पाहा. 'रस्ता बंद' पाटी वळसा घालून पुढे जाणाऱ्यांना दहा मैलांवर पूलच दिसत नाही, मग परत दहा मैल.

अँबॉय हे अख्खं गाव २००५ साली सव्वाचार लाख डॉलरला विकलं गेलं. घेणारे अल्बर्ट ओकुरा, भाजलेल्या कोंबड्यांच्या दुकानांचे मालक. तिथल्या 'रॉयज' या जुन्या मोटेल-कॅफेची १९५९ ची प्रचंड पाटी त्यांनी पुन्हा पेटवली. तिथे एक सोडा प्या, पेट्रोल महाग असलं तरी कुरकुर करू नका. आसपास दुसरा पंप नाही.

शेवटची गोष्ट सँटा मोनिकाच्या धक्क्याची. तिथे 'रस्ता इथे संपतो' अशी पाटी आहे आणि तिच्यासमोर रांग. ती पाटी २००९ ची. रस्ता आधी लॉस एंजेलिसमध्ये सेव्हन्थ आणि ब्रॉडवेच्या चौकात संपायचा, १९३६ नंतर लिंकन आणि ऑलिम्पिक बुलेव्हार्डच्या चौकात. धक्क्यापर्यंत तो अधिकृतपणे कधी गेलाच नाही. तरी रांगेत उभे राहा. पार्किंग दुपारी भरतं, सकाळी दहाच्या आत पोहोचा, आणि गाडी त्याच दिवशी परत करायची असेल तर टाकी समुद्राकडे वळायच्या आधीच भरा, किनाऱ्यालगतचे पंप महाग आहेत.